‘तीन वर्षं झाली, कर्ज संपलं’ म्हणणाऱ्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी की पर्सनल लोन जानेवारी 2020 पासून थकलंय, तीन वर्षं कधीच उलटली, तरी ‘बँकेला आता काही मागता येणार नाही’ असं पत्र आम्ही दिलं नाही. फी घेऊन नुसता अर्ज लिहून दिला, तो वसुली एजंटला देऊनही फोन थांबले नाहीत.

तसं पत्र आम्ही कुणालाच देत नाही. मुदत कायद्याने तीन वर्षांनंतर दावा लावायची वाट बंद होते, देणं मिटत नाही. बँक पैसे मागू शकते, सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) थकबाकीही दिसत राहते. शिवाय कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळलाय. म्हणजे जानेवारी 2020 चा हप्ता 2023 ला नाही, 2024 संपता संपता मुदतबाह्य होतो. त्यात जून 2023 मध्ये ‘एजंटची कटकट नको’ म्हणून दोन हजारांचा चेक दिल्याचं तुम्हीच लिहिलंय. मुदतीच्या आत, स्वतःच्या सहीने भरलेली रक्कम मुदत कायद्याच्या कलम 19 खाली येते आणि तिथून तीन वर्षं नव्याने मोजतात. रोख दिली असती आणि सही कुठेच नसती, तर भांडायला जागा होती. मुदत संपल्यावर ‘बाकी भरतो’ असं लिहून सही केली, तर करार कायद्याच्या कलम 25 ने त्या लेखी वचनावरच दावा लागतो. एजंटच्या कोऱ्या सेटलमेंट फॉर्मवर सही करू नका म्हटलं ते यासाठीच.

आता अर्ज. त्यावर ‘प्रति, तक्रार निवारण अधिकारी’ असं ठळक होतं. तो बँकेतच द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. एजंटने खिशात घातलेल्या कागदाला पोच नसते. त्यात खातेउतारा, व्याज-दंडाचा हिशेब आणि वसुली एजन्सीच्या नेमणुकीचं पत्र मागितलंय. ‘रक्कम वादात आहे, हा अर्ज म्हणजे देणं मान्य असल्याची कबुली नव्हे’ हे वाक्य मुद्दाम घातलंय, ते खोडू नका. पोच मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाता येतं. त्याआधी गेलात तर तक्रार परत येते.

सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन चालत नाही. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट त्याच तक्रारीला जोडा.

सिबिलचा वाद वेगळा. तिथली रक्कम किंवा तारीख खरोखर चुकीची असेल तरच ऑनलाइन वाद नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज 100 रुपये भरपाई मिळते. बरोबर नोंद ‘जुनी आहे’ म्हणून निघत नाही.

फी अर्जाची होती, ती परत होणार नाही. शिक्क्याची प्रत आणि त्या चेकची नोंद असलेला उतारा घेऊन या, लोकपालाचा अर्ज त्याच फीमध्ये करून देऊ.