‘रेल्वे हाडल्यानी, तरी पाडल्यानी’: दंडवत्यांच्या नावाने फिरणारा एक मजकूर

निवडणूक जवळ आली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास उगवतो. आधी वाडीच्या ग्रुपवर, मग मुंबई मंडळाच्या, मग दहावीच्या बॅचच्या. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: प्रा. मधु दंडवते हे कोकणचे सुपुत्र. रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी एकट्याने कोकण रेल्वे आणली. गाडी दारात आली, तरी 1991 साली कृतघ्न कोकणी माणसाने त्यांना पाडलं. म्हणून इथे काम करणाऱ्याला किंमत नाही. नाक्यावर हीच गोष्ट मालवणीत एका ओळीत आटोपते: रेल्वे हाडल्यानी, तरी पाडल्यानी. म्हणजे रेल्वे आणली, तरी पाडलं.

दंडवते 2005 साली गेले. त्यांच्या आठवणीने व्याकूळ होऊन कुणी हा मजकूर पाठवत नाही. तीन-चार टर्म भोगून पुन्हा उभ्या राहिलेल्या कुणाच्या तरी कार्यकर्त्याकडून तो येतो, आणि ‘आमच्या साहेबांचं असं करू नका’ ही ओळ कधी खाली लिहिलेली असते, कधी नसते. तेव्हा एकदा तो मुद्देसूद वाचून टाकू.

‘कोकणचे सुपुत्र’ हा भाग लवकर निकालात निघतो. दंडवत्यांचा जन्म 1924 सालचा, अहमदनगरचा. मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. राजापूर मतदारसंघाचे खासदार होते बॅ. नाथ पै, वेंगुर्ल्याचे. 1957, 1962 आणि 1967 अशा तिन्ही वेळा तेच निवडून आले होते. जानेवारी 1971 मध्ये ते अचानक गेले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत दंडवते उभे राहिले. बाहेरून आलेला प्राध्यापक, प्रजा समाजवादीसारखा आटत चाललेला पक्ष आणि समोर इंदिरा गांधींची लाट. तरी राजापूरने त्यांना निवडून दिलं. मजकूर लिहिणाऱ्याने त्यांना भूमिपुत्र करून टाकलं आणि इथल्या मतदाराच्या बाजूचा एक चांगला मुद्दा स्वतःच घालवला.

आता रेल्वे. इथे तारखा नीट लावायला हव्यात.

दंडवते रेल्वेमंत्री होते मार्च 1977 ते जुलै 1979, मोरारजी देसाईंच्या सरकारात. त्यांच्या नावावरचं सर्वांत ठळक काम म्हणजे दुसऱ्या वर्गाचा बाक. त्याआधी तिथे उघड्या लाकडी फळ्या असत. रात्रभराचा प्रवास असला की लोक घरून वळकटी न्यायचे, नाहीतर सकाळी पाठीवर फळ्यांचे वळ घेऊन उतरायचे. त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम आला तो दंडवत्यांच्या काळात. आज स्लीपरच्या बर्थवर पाय पसरताना हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण गंमत बघा, त्या वर्षांत रूळ पनवेलच्या पुढे आपट्यापर्यंत येऊन थांबले होते. मंत्र्याच्या स्वतःच्या मतदारसंघात रूळ नावाची वस्तूच नव्हती. कुडाळच्या मतदाराला आपल्या खासदाराने दिलेल्या गादीवर बसायचं तर आधी एसटीने घाट चढून कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागे.

मंत्री असताना त्यांनी या मार्गासाठी केलं ते हे की आपट्यापासून रोह्यापर्यंतच्या टप्प्याला चालना दिली. रोह्याला गाडी पोचली 1986 साली, तेव्हा ते विरोधी बाकांवर होते. खरी खिंड लढवली गेली ती 1990 मध्ये. व्ही. पी. सिंगांच्या सरकारात रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे मूळचे मंगळूरचे, आणि अर्थमंत्री दंडवते. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून हा मार्ग झाला असता तर नातवंडांनाही दिसला नसता. म्हणून स्वतंत्र कंपनी काढली: केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. उरलेला पैसा कर्जरोख्यांतून. असल्या व्यवस्थेला अर्थखात्याचा पाठिंबा नसेल तर फाइल टेबलावरून हलत नाही. जुलै 1990 मध्ये हे कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली आणि महामंडळाचे प्रमुख अभियंते ई. श्रीधरन कामाला लागले.

म्हणजे दंडवत्यांचा वाटा मोठा, पण मजकुरात लिहिलाय तिथे नव्हे आणि एकट्याचा तर नव्हेच. रेल्वेमंत्री म्हणून जेवढं जमलं, त्याहून मोलाचं काम त्यांनी अर्थमंत्री म्हणून केलं. त्याआधी अ. ब. वालावलकरांनी या मार्गाचा ध्यास घेतला होता, नाथ पैंनी तो संसदेत लावून धरला होता. ‘एकट्याने’ म्हटलं की ही सगळी माणसं पुसली जातात. स्वतः दंडवत्यांनाही ते रुचलं नसतं असं मला वाटतं, पण ते असो.

‘गाडी दारात आली, तरी पाडलं’ हा मजकुराचा प्राण आहे आणि तो सरळसरळ खोटा आहे. 1991 च्या जूनमध्ये मतदान झालं तेव्हा रोह्याच्या दक्षिणेला एकही प्रवासी गाडी धावत नव्हती. रोहा ते वीर हा पहिला तुकडा 1993 चा. पूर्ण मार्ग 1998 साली खुला झाला. 1991 च्या मतदाराने पाहिली होती ती फार तर मोजणी आणि भूसंपादनाची नोटीस. सातबाऱ्यावर डझनभर सामाईक नावं, त्यातली निम्मी मुंबईला, दोन-चार वारलेली, अशा जमिनींवर. गाडीत बसून कृतघ्नपणा करायला आधी गाडी तर हवी!

मग ते पडले का? 1989 ला देशपातळीवर जनता दल आणि भाजप यांच्यात काँग्रेसविरोधात जागांची समजूत होती. 1990 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती मोडली आणि सरकारही गेलं. त्याच वर्षी विधानसभेला सेना-भाजप युतीने राज्यात 94 जागा घेतल्या. मालवणातून नारायण राणे शिवसेनेचे आमदार म्हणून पहिल्यांदा निवडून आले, ते याच वेळी. जे तरुण एके काळी समाजवाद्यांच्या सभेला सतरंज्या घालत, त्यांची धाकटी भावंडं शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागली होती. त्यात 21 मे 1991 ला राजीव गांधींची हत्या झाली आणि महाराष्ट्रात मतदान झालं ते त्यानंतर. काँग्रेसने राज्यातल्या 48 पैकी 38 जागा जिंकल्या. दंडवत्यांच्या जनता दलाला राज्यात एकही मिळाली नाही, कुठेच नाही. राजापुरात काँग्रेसचे सुधीर सावंत आले. पक्षच पायाखालून निघून गेलेला असताना एका उमेदवाराच्या पराभवाचं खापर अख्ख्या कोकणाच्या स्वभावावर फोडायचं, ही अजब तऱ्हा झाली.

आणि ‘कोकणाने पाडलं’ तरी कसं? रोहा, चिपळूण, रत्नागिरी यांतलं कुणीही राजापूर मतदारसंघात मत देत नव्हतं.

राहिला कृतघ्नपणा. दंडवते 1971, 1977, 1980, 1984 आणि 1989 असे पाच वेळा सलग निवडून आले. 1984 साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसने राज्यात 48 पैकी 43 जागा नेल्या. उरलेल्या पाचांत राजापूर होतं. आणीबाणीत दंडवते तुरुंगात होते, त्यानंतरच्या निवडणुकीतही इथल्या लोकांनी त्यांचीच पेटी भरली. अख्खा हिशोब मांडला तर आणखी मजा येते. राजापूर मतदारसंघाच्या 1957 ते 2004 या काळात लोकसभेच्या 13 निवडणुका झाल्या. निवडून आले फक्त चौघे: नाथ पै तीनदा, दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. खासदार टिकवून धरण्यात इतका चिवट मतदारसंघ महाराष्ट्रात शोधायला गेलात तर दमछाक होईल. कुणी म्हणालंच तर उलट तक्रार करावी, की हे लोक एकदा धरलेला माणूस लवकर सोडत नाहीत.

म्हणून हा मजकूर पुढे आला की पाठवणाऱ्याला तारखा द्याव्यात आणि त्याच्या साहेबांबद्दल विचारावं. रोहा ते वीर दुहेरीकरण 2021 मध्ये पूर्ण झालं. वीरच्या पुढे अजून एकेरी रूळ आहे, गणपतीत जादा गाड्या सोडल्या की क्रॉसिंगला तासतासभर उभं राहावं लागतं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 ला सुरू झालं, ते किती वर्षं रखडलं हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्या सगळ्या वर्षांत साहेब निवडून येतच होते. त्यांनी यावर सभागृहात काय विचारलं, कधी विचारलं आणि काय उत्तर मिळालं, एवढं त्याच ग्रुपवर टाकायला सांगावं.