चाळीस माणसांना माइक कशाला?

म्हापशाच्या त्या दुकानात माझ्यानंतर आलेल्या माणसाला खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि वर सूटही मिळाली. मला मिळालं ते एवढंच, ‘सर, जरा बाजूला व्हा.’ त्याच्या भोंग्याचं खोकं काउंटरवर ठेवायचं होतं ना!

माझं काम छोटंसं होतं. आमच्या देवळाच्या सभामंडपात महिन्यातून एकदा बैठक होते. एक गायिका, पेटी, तबला, व्हायोलिन आणि मोबाइलमधला तानपुरा. श्रोते चाळीस. चतुर्थीला आलेले मुंबईकर परतले नसतील तर साठ. आजवर आम्ही भाड्याचा साउंडवाला बोलवायचो. तो लग्नाचंच सामान आणून ओतायचा, आणि त्याचा उजवा हात कायम इकोवर. भक्तिरस इकोतून पाझरतो अशी त्याची श्रद्धा. गायिकेने ‘विठ्ठल’ म्हटलं की तो ठल-ठल-ठल करत गर्भकुडीपर्यंत जाऊन परत यायचा, तोवर बाई अंतऱ्यावर पोहोचलेल्या. तेव्हा ठरलं की आपला छोटा मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून कमीजास्त करायचं यंत्र, आपणच घ्यायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून खरेदी माझ्या गळ्यात. निवृत्त विज्ञान शिक्षकाला पंपाच्या मोटरपासून उपग्रहापर्यंत सगळं येतं असं आमच्या वाड्यावर धरूनच चालतात.

मी तयारी करून गेलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. छोट्या मिक्सरच्या खोक्यावर ठळक १२ छापलेलं असतं. उलटून बघितलं तर माइक लावायची तीन पिनांची भोकं चार. मग बारा कुठून आले? उरलेल्या आठ म्हणजे चार स्टिरिओ जोड्या, त्यातलं डावं वेगळं आणि उजवं वेगळं मोजलेलं. मी पटावर मुलांचे पाय मोजून संख्या दाखवली असती तर माझं पेन्शन आजही अडकलेलं असतं. पण इथे ते चालतं. सगळेच असंच मोजतात, त्यामुळे कोणी लबाड ठरत नाही. मोबाइलच्या तानपुऱ्याला त्यातली एक जोडी पुरते. माइक मात्र चार म्हणजे चारच.

दुसरी भानगड ऑक्सची. छोट्या मिक्सरला बाहेर जाणारी अशी जादा वाट बहुधा एकच असते, आणि ती बरेचदा इकोच्या नावे लिहून ठेवलेली. आम्हाला ती गायिकेसमोरच्या छोट्या स्पीकरसाठी हवी. तबल्याशेजारी बसून बाईंना स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, मग त्या जोर लावतात आणि सूर सुटतो. (हे त्यांचंच म्हणणं. मी म्हटलं असतं तर आज बैठकच उरली नसती.) त्यासाठी ही वाट प्री-फेडर हवी, म्हणजे बाहेरचा आवाज मी कमीजास्त केला तरी त्यांना त्यांचा गळा तेवढाच ऐकू येईल. मी दुकानदाराला विचारलं, “हा ऑक्स प्री आहे की पोस्ट?”

“सर, सगळं फ्री आहे. ब्लूटूथसुद्धा फ्री.”

मग ‘जरा लावून दाखवता का’ असं विचारलं, तर सील फोडलं की घ्यावाच लागेल म्हणाला. आत पंखा घोंघावतो तो कापायला ८० हर्ट्झचा लो-कट आहे का? “सगळं कट होतं, सर.” व्हायोलिनच्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, ते एका माइकला देता येतात की बटन दाबलं की चारही भोकांत जातात? त्यावर त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि कोपऱ्यातून चाकांचा एक ट्रॉली स्पीकर ओढत आणला. दोन बिनवायरचे माइक, कराओके, आणि समोर गोल गोल फिरणारे निळे-जांभळे दिवे. “तुमच्या भजनाला हे बेस्ट. सीनियर सिटिझन लोक हेच नेतात.”

नेमका तेव्हाच तो आत आला. पायात गमबूट, हातात पिकअपची चावी, आणि दोन पावलं पुढे बांगड्याचा वास. गाडीवरून मासे विकणारा. त्याचा जुना भोंगा पावसात गेला होता, नवा हवा होता, आणि गाडीच्या बॅटरीवर, म्हणजे १२ व्होल्टवर चालणारा अँप्लिफायर. दुकानदार उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो उठलेला मला आठवत नाही.

चहा येईपर्यंत त्या गृहस्थांनी माझी चौकशी सुरू केली.

“मास्तर, कितें घेतात?”

मास्तर हे त्याने कशावरून ओळखलं देव जाणे. मी सांगितलं, छोटा मिक्सर.

“आयकुपी कितले?”

“चाळीस.”

“चाळीस हजार?”

“चाळीस. माणसं.”

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “चाळीस मनशांक मायक कित्याक? म्हजें गिरायक तिसऱ्या माळ्यार रावता!”

मी त्याला समजावू लागलो, आणि समजावणं हा माझा जुना रोग आहे. म्हटलं, आवाज लांब न्यायचा नाही, पेटी आणि तबल्याखाली गाणं दबतं ते वर काढायचं आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग तबलो ल्हवू वाजयात म्हण सांगात ताका.”

आमच्या तबलजींना हळू वाजवायला सांगितल्याचे परिणाम मला ठाऊक आहेत, त्याला नाहीत. मी गप्प बसलो. तेवढ्यात त्याने दुसरा उपाय काढला, “आनी लोकांक लागीं बसयात.” हेही खरंच आहे. पण आमच्याकडे पहिल्या दोन रांगा रिकाम्या ठेवून खांबाला टेकून बसायची परंपरा आहे. पुढे महाजन, म्हणजे देवळाचे मानकरी, बसतात म्हणून इतर बसत नाहीत, आणि महाजन मागे बसतात, कारण तिथून उठून जाता येतं.

“करंट गेलो जाल्यार तुमचें कितें जातलें?” हा त्याचा शेवटचा प्रश्न. त्याची गाडी बॅटरीवर बोलते, करंट गेला तरी बोलते. माझा मिक्सर अडॅप्टरवर. आषाढात आमच्याकडे वीज किती वेळ असते हे इथे लिहीत नाही, लेख विनोदी आहे.

मग त्याच्या भोंग्याची ट्रायल झाली. त्याच्यासाठी सील फुटलं, हे आधी सांगतो. पेनड्राइव्ह लावला, भोंगा दाराकडे वळवला, आणि दुकानदाराने आवाज शेवटपर्यंत फिरवला. ‘बांगडेऽऽ! तारलेऽऽ! ताजीं फडफडीत सुंगटां!’ भोंग्याला खालचे सूर नसतात, वरचेही फारसे नसतात. मधला पट्टा तेवढा असतो. माणसाचं बोलणं नेमकं त्याच पट्ट्यात येतं, म्हणून थोड्या वॅटमध्ये ते कुठल्या कुठे जातं. हे मी नववीला शिकवलेलं आहे, पण असा प्रयोग करून दाखवायची सोय शाळेत नव्हती. माझ्या चष्म्याची काच थरथरली. शेजारच्या कापडदुकानातला मुलगा बाहेर येऊन बघू लागला. आणि हातात पिशवी घेतलेली एक बाई थेट पायरी चढून आत आली आणि मलाच विचारलं, “कशे दिले बांगडे?”

भोंगेवाला खूश. “पळयलें मास्तर? शिवोल्यां लायलो जाल्यार चोपड्यां आयकूंक येता.” मध्ये अख्खी शापोरा नदी आहे. दुकानदाराने तिथल्या तिथे त्याला दहा टक्के सोडले. मी सूट विचारली तर, “सर, तुमच्या आयटमवर मार्जिनच नाही.”

आता जरा कडू बोलतो. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला काय हवं ते त्याला नीट ठाऊक होतं, आणि बाजारालाही तेच विकायचं असतं. घुमटाचं बघा. मातीचं भांडं, तोंडाला कातडं. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. चतुर्थीच्या आरतीला चार घुमटं, शामेळ (चर्मवाद्य) आणि कासाळें (झांजा) एका खोलीत वाजली की छपराचे नळे हलतात, माइक कोणी मागत नाही. तरी हल्ली त्यालाही माइक लावतात, वर इकोही देतात. लग्न, जत्रा, फेस्त, निवडणूक, सगळीकडे चढाओढ पलीकडच्या वाड्याशी. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. म्हणून मग ९ वाजून ५९ मिनिटांपर्यंत उरलेला सगळा हिशोब पुरा करून घेतात. अशा बाजारात एखादा म्हातारा येऊन म्हणतो की मला आवाज वाढवायचा नाही, नीट वाटून द्यायचा आहे, तर त्याला दिवे फिरणारा ट्रॉली स्पीकर दाखवणार नाहीत तर काय? दहा हजार लोकांसाठी सामान मागणाऱ्याला चहा. चाळीस लोकांसाठी मागणाऱ्याला ‘जरा बाजूला व्हा’.

मिक्सर मी घेतला. चार माइकचा, ऑक्स प्री करायचं बटन असलेला. ते बटन मी सीलबंद खोक्यावरच्या चित्रात चष्मा वर-खाली करून शोधलं. ४८ व्होल्टचं बटन चौघांना मिळून एकच निघालं, पण गाण्याला जो साधा डायनॅमिक माइक असतो त्याला नीट वायरीवर त्याने काही होत नाही, तेव्हा ते सोडून दिलं.

गायिका खूश आहेत. तबलजींनी डग्ग्यासाठी वेगळा माइक मागितलाय; तो दिला की पेटीचा काढावा लागेल, हे पेटीवाल्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. अडलंय ते बिलाशी. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमधून छापून आलंय, ‘डीजे मिक्सर, १ नग’. देवस्थानचे खजिनदार म्हणतात, देवाच्या पैशातून डीजे मंजूर करता येणार नाही. आमची देवस्थानं आजही १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या मझानी कायद्यावर चालतात, हिशोब मामलेदारांपुढे जातो, आणि त्यांनी विचारलं तर सही कोणाची आहे? मी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये तेवढंच नाव आहे, दुसरं हवं असेल तर सामान आणि बिल घेऊन या, ‘पीए सिस्टिम, वाहनासाठी’ असं करून देतो.

खजिनदार त्यालाही तयार नाहीत. देवस्थानकडे वाहन नाही.