‘आता टीव्ही कोण बघतं?’ आमची आई बघते!

आज गोव्यात पर्वरीला एका वास्तुशांतीला गेले होते. फ्लॅट छान, हवेशीर, हॉल ऐसपैस. घर बघायला आलेला जो तो एकच कौतुक करत होता, "हॉलमध्ये टीव्ही नाही ते बरं केलंत! आता टीव्ही कोण बघतं? सगळं मोबाईलवर तर मिळतं." माझ्या शेजारच्या खुर्चीवर आई बसली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्याच्या मंगलकार्यात मलाही वाद घालता येईना, म्हणून इथे लिहितेय.

आमची आई बघते टीव्ही. तुमचीही बघत असणार.

पावसाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणीसाठी सारखं डिचोलीहून ये-जा नको म्हणून ती पर्वरीला भावाकडे राहिली. भावाकडे टीव्ही नाही. टॅब आहे, वायफाय आहे, चार ॲप आहेत. सकाळी वेर्ण्याला कामावर जाताना तो मालिका लावून द्यायचा. दोन-तीन भाग झाले की सगळं थांबायचं आणि इंग्रजीत प्रश्न यायचा, अजून बघताय का? आईला इंग्रजी येत नाही. पुन्हा सुरू होईल म्हणून ती वाट बघत राहायची. एकदा तर लॉगआउटच झालं. ओटीपी भावाच्या मोबाईलवर, आणि भाऊ मीटिंगमध्ये. संध्याकाळी मी पोचले तेव्हा टॅब मांडीवर पालथा आणि ही नुसतीच बसलेली. "काय गे आई, बघत नाहीस?" "बंद पडलं ते. त्याला कशाला फोन करायचा, कामात असेल."

राग येतो मला. भावाचा नाही. त्याने रजा टाकून तिच्या डोळ्यांत थेंब घातलेत, त्याला मी काय बोलणार? राग येतो तो ‘सगळं ऑनलाइन मिळतं’ म्हणणाऱ्यांचा. कुणाला मिळतं? ज्याच्याकडे पासवर्ड त्याला.

हीच बाई गावच्या घरात राणी असते. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, वर रबर. बटणांवरचे आकडे कधीच पुसले गेलेत, पण सातच्या बातम्यांना तिचा अंगठा न बघता सह्याद्रीवर जातो. गावच्या घरावर दूरदर्शनची फुकटची डिश आहे, डीडी फ्री डिश. ती २००४ साली सुरू झाली. एकदा छत्री (म्हणजे डिश अँटेना) आणि बॉक्स घेतला की महिन्याचं रिचार्ज नाही. देशात चार कोटींहून जास्त घरांत ती आहे म्हणतात. त्या सगळ्या घरांना ‘आता कोण बघतं’ म्हणून मोडीत काढायचं?

मालिका भिकार झाल्यात, मान्य. न्यूज चॅनेलवरचा आरडाओरडा सहन होत नाही. धो धो पावसात छत्री सिग्नल सोडते, तेही मान्य. पण म्हणून टीव्हीच नको?

२ नोव्हेंबर २०२५ ला महिला क्रिकेट वर्ल्डकपची फायनल होती. आम्ही सगळे भावाकडे, एका टॅबभोवती पाच डोकी. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तो आम्ही बघायच्या आधीच शेजारच्या फ्लॅटमधून आरोळी आली. त्यांच्याकडे केबल! आमच्याकडे अजून दीप्ती बॉल टाकायला पळत होती. एवढी मोठी गोष्ट, आणि आम्हाला ती भिंतीपलीकडून आधी कळली.

लॉकडाऊन आठवा. २८ मार्च २०२० ला दूरदर्शनने रामायण परत सुरू केलं तेव्हा आमच्या सोप्यावर तीन पिढ्या एकत्र बसत होत्या. आई पुढचा प्रसंग आधीच सांगून टाकायची आणि मुलं ओरडायची. आता चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरतं, पण आरती झाली की गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या माटोळीखालीच जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. पूर्वी रिमोटवरून भांडायचो, पण निदान भांडायला एका खोलीत तरी असायचो.

कुणी म्हणेल, स्मार्ट टीव्ही घ्या, ॲपही चालतात. घ्या की! पण त्याला छत्री नाहीतर केबल जोडून द्या, आणि चालू केल्याबरोबर चॅनेल दिसेल असं बघा. बारीक बारीक चौकटींच्या जंगलातून म्हाताऱ्या माणसाने वाट काढायची, हे परत टॅबसारखंच झालं.

पुढच्या महिन्यात आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ती परत पर्वरीलाच राहणार. भावाला मी आजच सांगितलंय, बत्तीस इंची पुरे, पैसे अर्धे माझे. तो लगेच हो म्हणाला, वहिनीने जागासुद्धा दाखवली. गॅलरीत छत्री लावू द्यायला सोसायटीचे लोक कुरकुर करतील, त्यांच्याशी मी बोलेन. पर्वरी-म्हापसा भागात छत्री नीट बसवून देणारा भरवशाचा माणूस कुणाच्या माहितीत असेल तर कृपया इनबॉक्समध्ये कळवा.