हाडं ठिसूळ होण्याबद्दल अजून लिहा

तुमचा सांध्यांवरचा लेख चांगला आहे, गुडघ्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, लवचिक आवरण) कशी झिजते ते छान समजावलंय, पण ऑस्टिओपोरोसिसला, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराला, एकच ओळ दिलीत ते पटलं नाही. गुडघा निदान दुखून सांगतो तरी, हाडं ठिसूळ झालेली मोडेपर्यंत कळतसुद्धा नाहीत. आमच्या आईचंच बघा, नौपाड्यात राहतो आम्ही, साधी पाण्याची बादली उचलली आणि कंबरेत अशी कळ आली की जागेवरच बसली, शेजारच्या काकू म्हणाल्या उसण भरली असेल, शेक घ्या, बाम लावा, पण एक्स-रे काढला तर मणका दबलेला. त्याच्या आधीपासूनच वरच्या फळीवरचा डाळीचा डबा तिच्या हाताला येईनासा झाला होता, टाचा उंचावून काढायची, वयाने उंची कमी होणं हे मणके दबल्याचं लक्षण असू शकतं हे लोकांना माहीतच नसतं हो! पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि हाडं भराभर विरळ होतात, म्हणून बायकांना जास्त. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये काही दुखत नाही, नुसतं टेबलावर पडून राहायचं, टी-स्कोअर (तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून येणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याच्या खाली आला की ऑस्टिओपोरोसिस. आणि प्लीज, व्हिटॅमिन डी चे ते ६०,००० युनिटचे सॅशे मेडिकलमधून आणून मनाने रोज घेऊ नका, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीला त्रास होतो. पुढच्या लेखात खुब्याच्या फ्रॅक्चरबद्दल सविस्तर लिहाल का? बाथरूममध्ये धरायला दांडा कुठे, किती उंचीवर लावायचा तेही सांगा.