मोर, माळढोक आणि कॅनडाचा जे

एखाद्या देशाने आपला राष्ट्रीय पक्षी मतदानाने निवडावा की जाणकारांच्या सल्ल्याने, यावरून सदाशिव पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर परवा जोरदार वाद झाला. निमित्त होते 'कॅनेडियन जिऑग्राफिक'च्या एका जुन्या अंकाचे. इरफानच्या बहिणीने टोरांटोहून येताना तो आणला होता आणि इरफानने तो अमृततुल्यच्या बाकावर सर्वांसमोर उघडून ठेवला. इरफान नकाशांचे काम करतो, मेधा शाळेत भूगोल शिकवते, सुहास बँकेतून निवृत्त झाला आहे आणि अण्णांनी आयुष्यभर महाविद्यालयात भूगोल शिकवला आहे. त्यामुळे विषय भूगोलाचा निघाला की कोणीच माघार घेत नाही.

हे नियतकालिक रॉयल कॅनेडियन जिऑग्राफिकल सोसायटीचे. संस्था १९२९ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी नियतकालिक निघाले. कॅनडाची ओळख आधी कॅनडाच्या लोकांना आणि मग जगाला करून द्यायची, हे संस्थेचे काम पहिल्यापासून ठरलेले आहे. त्या देशाला अधिकृत राष्ट्रीय पक्षी नसल्यामुळे २०१५ साली नियतकालिकाने लोकांकडून मते मागवली. सर्वाधिक मते पडली लून या पाणपक्ष्याला. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून त्याचेच चित्र आहे. हिमघुबड दुसरे आले. तरीही २०१६च्या नोव्हेंबरमध्ये संस्थेने नाव जाहीर केले ते तिसऱ्या क्रमांकावरच्या 'जे' नावाच्या पक्ष्याचे. पुढे सरकारने ती निवड मान्य केली नाही, त्यामुळे कॅनडाला आजही अधिकृत राष्ट्रीय पक्षी नाही.

सुहासला हे मुळीच पटले नाही. "लोकांना विचारायचंच कशाला मग? मतं मागवायची आणि निकाल बाजूला ठेवायचा, ही लोकांची फसवणूक आहे," असे तो ठामपणे म्हणाला. त्याचा मुद्दा वरवरचा नव्हता. देशाचे कौतुक करणाऱ्या नियतकालिकाने देशातल्या माणसांचे प्रेम कशावर आहे हे आधी पाहावे, स्वतःची आवड त्यांच्यावर लादू नये, असे त्याचे म्हणणे होते.

मेधाने त्याला उत्तर दिले ते पक्ष्याची माहिती देऊन. लून हा ऑन्टारिओ प्रांताचा आणि हिमघुबड हे क्वेबेक प्रांताचे मानचिन्ह आधीपासूनच आहे. जे पक्षी मात्र प्रत्येक प्रांतात आणि उत्तरेकडच्या प्रत्येक प्रदेशात आढळतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे निघून जात नाही. मैनेहून थोडासा मोठा, राखाडी रंगाचा हा पक्षी उन्हाळ्यात आणि शरदात मिळेल ते अन्न गोळा करतो, आपल्या चिकट लाळेत घोळवून त्याच्या लहान लहान गोळ्या बनवतो आणि झाडाच्या सालीमागे किंवा दगडफुलाच्या झुपक्यात एकेक चिकटवून ठेवतो. अशा हजारो जागा त्याच्या लक्षात राहतात. या साठ्यावर तो हिवाळा काढतोच, शिवाय बर्फ वितळण्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, पारा शून्याच्या खाली तीस अंशांवर असतानाही मादी घरट्यात अंडी उबवत बसलेली असते. "आता पुढचं ऐक," मेधा म्हणाली. "शरद ऋतू उबदार व्हायला लागल्यापासून ते साठवलेलं अन्न सडतं. कॅनडातल्या अल्गोनक्विन उद्यानात हे पक्षी निम्म्याहून कमी झालेत. लूनचा फोटो छापून लोकांना हे सगळं कळलं असतं का रे? ज्याच्याकडे कोणी फारसं पाहत नव्हतं त्याच्याकडे बघायला लावलं, हेच मासिकाचं काम."

मला मेधाचे म्हणणे पटले आणि अजूनही पटते. जे सर्वांना आधीच आवडते त्याचे पुन्हा एकदा कौतुक करण्यासाठी भूगोलाच्या नियतकालिकाची गरज नसते. ते काम टपालतिकिटे आणि नोटा करतच असतात. मात्र मते मागवताना निर्णय मतांवर अवलंबून नाही हे स्पष्टपणे सांगायला हवे होते, एवढा सुहासचा मुद्दा मी मान्य करतो.

इथे अण्णा बोलले. आपल्याकडे हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी आला होता, याची त्यांनी आठवण करून दिली. १९६३ साली मोर भारताचा राष्ट्रीय पक्षी झाला, परंतु पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता. मोराला पुराणात, शिल्पात, लुगड्याच्या पदरावर, सगळीकडे स्थान होते आणि त्याला कोणाच्या आधाराची गरज नव्हती. माळढोकाला ती होती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आहेत हे कळल्यावर १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. आज साऱ्या देशात मिळून मोकळ्या माळावर दीडशेहून कमी माळढोक उरले आहेत आणि महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. शरीराने जड आणि समोरचे नीट पाहू न शकणारा हा पक्षी उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. "तेव्हा माळढोक निवडला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही," अण्णा म्हणाले. "पण माळ ही राखण्यासारखी जागा आहे, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत झालं असतं." यावर सुहास बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने वादाची दिशाच बदलली.

त्याचा नवा आक्षेप अधिक गंभीर होता. अशी नियतकालिके देशाचे सुंदर रूप तेवढे दाखवतात. हिमनद्या, अस्वले, रंगीत पाने आणि नाचणारी माणसे छापली की झाले, आणि त्या जमिनीवरून ज्यांना हुसकावले त्यांचा पत्ता कुठेच नसतो, असे तो म्हणाला. हा आक्षेप निराधार नाही. अमेरिकेच्या 'नॅशनल जिऑग्राफिक'ने २०१८ साली एका इतिहासतज्ज्ञाकडून स्वतःचे जुने अंक तपासून घेतले आणि आपले लेखन कित्येक दशके वंशभेदी होते हे स्वतःच्याच पानांवर मान्य केले.

कॅनडाच्या बाबतीत मात्र इरफानपाशी उत्तर होते आणि ते त्याच्या रोजच्या कामातले होते. कॅनेडियन जिऑग्राफिकचे लोक शाळांना जमिनीवर अंथरायचे प्रचंड मोठे नकाशे फिरत्या पद्धतीने देतात. मुले बूट काढून त्या नकाशावर चालत चालत देश शिकतात. २०१८ साली त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचा चार खंडांचा ॲटलास काढला आणि त्यासोबत तसाच एक नकाशा तयार केला. त्या नकाशावर प्रांतांच्या सीमाच नाहीत. त्याऐवजी मूळ रहिवाशांच्या भाषांचे प्रदेश आहेत, त्यांच्याशी झालेले करार आहेत आणि निवासी शाळा जिथे जिथे होत्या त्या जागाही आहेत. या शाळांमध्ये दीड लाखाहून अधिक मुलांना आईबापांपासून तोडून ठेवले गेले, स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली गेली, आणि हा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. "हे त्यांनी कुठल्या वेगळ्या अहवालात कोंबलेलं नाही," इरफान म्हणाला. "ज्या नकाशावर पोरं नद्या आणि सरोवरं शोधतात त्याच नकाशावर आहे. आणि मजकूर फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी या मूळ रहिवाशांच्या संस्थांबरोबर बसून केलाय." नकाशाकार म्हणून त्याला यात विशेष वाटत होते ते असे, की सीमा काढून टाकल्याबरोबर तोच देश वाचण्याची रीत पूर्णपणे बदलते.

अण्णांनी त्यात ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या जहाजांची हकीगत जोडली. १८४५ साली उत्तरेकडचा सागरी मार्ग शोधायला निघालेली दोन ब्रिटिश जहाजे १२९ माणसांसह नाहीशी झाली. एक जहाज कुठे बुडाले हे इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते आणि त्यांच्या सांगण्याला दीर्घकाळ कोणी पुरेशी किंमत दिली नाही. २०१४ साली त्यांपैकी 'एरेबस' हे जहाज सापडले ते त्यांनी सांगितलेल्या भागातच, आणि त्या शोधमोहिमेत ही सोसायटीही सहभागी होती. राष्ट्रीय अभिमानाची एवढी मोठी गोष्ट शेवटी ज्यांच्या तोंडी होती त्यांचे ऐकल्यामुळे पुरी झाली, हे अण्णांना फार महत्त्वाचे वाटत होते. सुहासनेही इथे हुज्जत घातली नाही.

मग साहजिकच आपल्याविषयी बोलणे निघाले. पुण्यातूनच १९२८ साली, म्हणजे कॅनडाच्या त्या नियतकालिकाच्याही आधी, 'सृष्टिज्ञान' निघाले होते. तेव्हा मराठी वाचकाला निसर्गाची आवड नाही असे म्हणायला जागा नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपापला जिल्हा असतो, पण त्यानंतर मोठ्या माणसाला आपला जिल्हा पुन्हा सविस्तर भेटत नाही, ही मेधाची तक्रार. आपल्या मुलखाचे असे नियतकालिक निघाले तर पहिल्या अंकात काय असावे, असे तिने विचारताच सुहास म्हणाला, सह्याद्री. किल्ले, धबधबे, पावसाळा. इरफान म्हणाला, पुण्याच्या पूर्वेचा माळ. इथून पुढे संध्याकाळ माळानेच घेतली, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते, कारण सह्याद्रीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. या उतरत्या पावसात मातीचा थरही पातळ होत जातो आणि पावणेदोनशे किलोमीटरच्या आत घनदाट जंगलापासून उघड्या माळापर्यंत सारा निसर्ग पालटतो. सरकारी दप्तरात यातला बराचसा माळ पडीक म्हणून नोंदलेला आहे. तो एकेकाळचे जंगल तोडून उरलेला उजाड भाग आहे, असा सर्वसाधारण समज असल्यामुळे सदिच्छेने माणसे तिथे चर खोदतात, खड्डे घेतात आणि झाडे लावतात. प्रत्यक्षात हा माळ जुना आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या ओव्या, लोककथा आणि मध्ययुगीन काव्ये यांतले झाडाझुडपांचे उल्लेख अभ्यासकांनी अलीकडेच गोळा करून तपासले, तेव्हा त्यांतल्या बहुतेक वनस्पती उघड्या, काटेरी, गवताळ प्रदेशातल्या निघाल्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपासून इथे माळच आहे. पंढरपूरला कान्होपात्रेपाशी जिचे झाड दाखवतात ती तरटीही अशाच मुलखातली.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की निसर्गाचा पुरावा इथे संस्कृतीच्या पोटातून निघाला. जात्यावर दळणाऱ्या बाईने ओवीत जे झाड गुंफले ते आज शास्त्रज्ञाच्या कामी आले. भूगोलाच्या नियतकालिकात निसर्ग आणि संस्कृती अशी दोन सदरे वेगळी ठेवण्याची गरजच नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे कशातून दिसणार? धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्या-बिऱ्हाडासह फिरणारा तांडा, पाऊस सरल्यावर कोकणाकडे उतरतो, वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. त्याच कळपांच्या मागे लांडगाही माळावर टिकून राहिला. धाविक पक्षी घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि ती खड्यांत अशी मिसळून जातात की दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. झाडे लावायला खड्डे घेणाऱ्याच्या टिकावाखाली नेमके हेच जाते. "हे लिहायला मात्र धनगराच्या पोरानंच लिहायला पाहिजे," इरफान म्हणाला. "आपण शनिवार-रविवारी मोटारसायकलवर जाऊन लिहिलेलं नको." मेधाच्या वर्गात फलटणकडची काही मुले आहेत, ज्यांच्या घरी मेंढ्या आहेत त्यांना आजी-आजोबांकडून वाटेवरच्या मुक्कामांची नावे विचारून आणायला ती सांगणार आहे, आणि नकाशा इरफान काढून देणार आहे.

एवढ्यावर सर्वांचे एकमत झाले असते, पण सुहासने कास पठाराचा विषय काढला आणि तो काढायलाच हवा होता. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारसा ठरली त्यांत कास आहे. जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत 'सीतेची आसवे' या नावाची, किडे पकडणारी इवलीशी वनस्पती फुलते आणि पाऊल पडले की चिरडते. छायाचित्रे छापली गेली, वाहनांची रांग लागली, अखेर येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. गुरांना मज्जाव झाल्यावर गवत माजून लहान फुले दबली, अशी तिथल्या गावकऱ्यांची तक्रारही आहे. "माळाचं कौतुक छापाल," सुहास म्हणाला, "आणि पुढच्या रविवारी सुप्याच्या माळावर लांडगा बघायला पन्नास गाड्या उभ्या राहतील. मग काय करणार?"

मेधाचे मत पडले की जागेचे नाव छापूच नये. माळाचे जीवन लिहावे, वाट सांगू नये. इरफानला ते मुळीच मान्य नव्हते. ज्या जागेचे नाव कोणालाच माहीत नाही तिच्यावर उद्या कारखान्याची वसाहत किंवा सौर पट्ट्यांची रांग उभी राहिली तर हरकत घ्यायला कोण येणार, असे त्याने विचारले. माझा कौल असा पडला की माळाचे नाव जरूर छापावे, पण घरट्यांच्या आणि लांडग्यांच्या गुहांच्या जागा कधीही छापू नयेत, आणि तिथल्या गावाला व मेंढपाळांना आधी दाखवल्याशिवाय कोणताही नकाशा छापायला देऊ नये. अण्णांना हे पटले, इरफानला अर्धेच पटले. गुहा कुठे आहेत हे न दाखवता माळाचा नकाशा किती बारकाईने काढता येतो, ते तो रविवारी काढून दाखवणार आहे.