नमुन्याबद्दलही लिहायला हवं होतं

रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून (जनुकांचं काम नियंत्रित करणाऱ्या आरएनएच्या इवल्याशा तुकड्यांवरून) कॅन्सर लवकर ओळखण्याच्या संशोधनावरचा लेख मनापासून आवडला. अँब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मिलिमीटरभर कृमीत लावलेल्या मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, याचा खरंच आनंद आहे.

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. रक्तातल्या तांबड्या पेशींत मिआर-४५१ नावाचा एक मायक्रोआरएनए भरपूर असतो. रक्त ओढताना पेशी फुटल्या, किंवा गारगोटी-राधानगरीकडून ट्यूब उन्हातून धक्के खात आली, की सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून काढल्यावर वरचा प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) पिवळसर न दिसता गुलाबी दिसतो. अशा नमुन्यातला मायक्रोआरएनएचा आकडा आजाराचा की फुटलेल्या पेशींचा, कसं ओळखणार? वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. लिव्हरला इजा झाल्यावर वाढणाऱ्या मिआर-१२२ चं तसं बरं आहे, तो मुख्यतः लिव्हरमधूनच येतो.

संशोधकांना कळकळीची विनंती: तालुक्यांतून येणारे नमुनेही अभ्यासात घ्या. पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘परत रक्त द्यावं लागेल’ सांगताना फार जिवावर येतं हो.