छावणीच्या आधीची दोन वर्षं

दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबांचा जो छळ झाला त्यावरच्या कादंबऱ्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात, अनुवादातून आणि थेट इंग्रजीतूनही. मुखपृष्ठांवर बहुधा काटेरी तार, रेल्वेचे रूळ आणि पाठमोरी मुलगी असते. आत गेलं की दुसऱ्यातिसऱ्या प्रकरणात आपण थेट छावणीच्या फाटकाशी. अशी कादंबरी हातात आली की छावणीच्या आधीचा भाग लेखकाने किती मन लावून लिहिलाय ते पाहावं, असं माझं ठाम मत आहे. माणसं गाडीत चढवली जाईपर्यंत जे झालं ते कचेऱ्यांमध्ये झालं, अर्ज भरून, शिक्के मारून. तो भाग गाळला की क्रौर्य दिसतं, पण ते शक्य कसं झालं हे कळत नाही.

पॅरिसचं उदाहरण घेते. जुलै १९४२मधल्या तिथल्या धरपकडीवर कादंबऱ्याही बऱ्याच आहेत आणि कागदपत्रंही भरपूर उपलब्ध आहेत, त्यामुळे ताडून बघता येतं.

जून १९४०मध्ये पॅरिस पडलं. २७ सप्टेंबरला जर्मनांचा हुकूम निघाला की त्यांच्या ताब्यातल्या, म्हणजे व्याप्त भागातल्या ज्यूंनी सरकारी कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं. पॅरिस आणि आसपासचे मिळून जवळपास दीड लाख लोक रांगा लावून नोंद करून आले. आज वाचताना आपण चडफडतो, की गेलेच का? पण ही कायदा पाळणारी माणसं होती. कित्येकजण पोलंडमधून, रशियातून फ्रान्सवर विश्वास ठेवून आलेले. कागद नीट असला तर आपल्याला कोणी हात लावणार नाही असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं, आणि नोंद न करणं हा गुन्हा होता.

या नोंदींचं पुढे काय झालं तिथे मी नेहमी थांबते. पॅरिस पोलिसांच्या मुख्यालयात आंद्रे त्युलार नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांची कार्डं तयार झाली, आणि ती चार प्रकारे लावली गेली: आडनावाप्रमाणे, नागरिकत्वाप्रमाणे, व्यवसायाप्रमाणे आणि रस्त्याप्रमाणे. रस्त्याप्रमाणे लावलेली कार्डं म्हणजे कुठल्या गल्लीत कुठल्या इमारतीत कोण राहतं याची तयार यादी. नागरिकत्वाप्रमाणे लावलेल्या कार्डांतून परदेशी आणि कुठलंच नागरिकत्व नसलेले ज्यू तेवढे बाजूला काढता येत. दोन वर्षांनी पोलीस पहाटे दार ठोठावायला निघाले ते हीच यादी हातात घेऊन. हे काम फ्रेंच कारकुनांनी केलं. चांगल्या लेखकाला या कार्डांच्या खणांमध्ये एक अख्खं प्रकरण सापडायला हवं.

मग एकेक फास आवळत गेला. ऑक्टोबर १९४०मध्ये जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारने आपण होऊन कायदा करून ज्यूंना सरकारी नोकऱ्या, शिक्षकी, वृत्तपत्रं यांतून बाहेर काढलं. ऑगस्ट १९४१मध्ये रेडिओ जप्त झाले. फेब्रुवारी १९४२पासून रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडायला बंदी आली. ७ जून १९४२पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला कपड्यावर पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं. माणशी तीन तारे मिळत, आणि त्यासाठी कापडाच्या रेशनमधला एक पॉइंट कापला जाई. स्वतःच्या अपमानाचं कापडसुद्धा स्वतःच्या रेशनमधून. जुलैमध्ये आणखी एक हुकूम आला: सिनेमा, नाटक, बागा बंद, आणि खरेदी फक्त दुपारी तीन ते चार. टंचाईच्या दिवसांत तीन वाजता दुकानात काय उरत असेल? घरातल्या बाईच्या दृष्टीने ही बंदी सगळ्यात रोजची आणि सगळ्यात जाचक. कादंबरीत तिचा उल्लेख आला की लेखकाने अभ्यास केलाय असं मी खुशाल धरते.

आता १६ जुलै. त्या पहाटे उचललेल्यांत बायका आणि मुलं इतकी जास्त का, हे न सांगणारी कादंबरी माझ्या लेखी अर्धवट आहे. त्याआधीच्या धरपकडी पुरुषांच्या होत्या. मे १९४१मध्ये हिरव्या कागदावरची बोलावणी धाडून परदेशी ज्यू पुरुषांना ‘चौकशीसाठी’ बोलावलं; जे गेले, असे सुमारे ३,७००, ते पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांद इथल्या छावण्यांत अडकले. ऑगस्टमध्ये पुन्हा चार हजारांवर पुरुष पकडून पॅरिसजवळच्या द्राँसीच्या छावणीत नेले. म्हणून जुलै १९४२मध्ये कुजबुज कानावर आली तेव्हा घरोघरी एकच हिशेब झाला: धोका बाप्यांना आहे, त्यांनी लपावं, बायकापोरांना कोण नेतंय! त्या हिशेबाने हजारो घरं फसली. पोलिसांकडे २७ हजारांवर कार्डं होती, सापडले १३,१५२. त्यांत पुरुष ३,११८, बायका ५,९१९ आणि मुलं ४,११५.

दारात आलेले पोलीस फ्रेंच होते. जर्मन शिपाई बुटांच्या टाचा आपटत जिना चढताहेत असं दृश्य या रात्रीसाठी कोणी लिहिलं असेल तर ते सपशेल चूक आहे. पॅरिस पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी एमिल एनेकँ यांनी काढलेल्या लेखी सूचना उपलब्ध आहेत. सोबत काय घ्यायला सांगायचं ते त्यांत आहे: ओळखपत्र, रेशनकार्ड, दोन ब्लँकेट, बूट, मोजे, दोन सदरे, जेवणाचं भांडं, निदान दोन दिवसांचं खाणं. निघण्यापूर्वी गॅस, वीज आणि पाण्याचे मीटर बंद आहेत ना ते पोलिसांनी बघायचं. पाळीव प्राणी आणि किल्ल्या इमारतीच्या राखणदारणीकडे द्यायच्या. या घरातली मुलं काही आठवड्यांतच मारली जाणार आहेत आणि हुकूम गॅस गळू नये याची काळजी घेतो आहे. हा कागद वाचल्यावर कादंबरीतल्या आरडाओरड्याच्या, रक्ताच्या वर्णनांची फारशी गरज वाटत नाही.

एकट्या माणसांना आणि मुलं नसलेल्या जोडप्यांना द्राँसीला नेलं. मुलंबाळं असलेली कुटुंबं, सुमारे आठ हजार माणसं, सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, व्हेलोद्रोम दिव्हेरमध्ये कोंडली. हवाई हल्ल्यांच्या भीतीने छताच्या काचा निळ्या रंगवलेल्या, जुलैचा उकाडा, पाणी अपुरं, संडास मोजके आणि लवकरच तुंबलेले. इथे वाचकांनी एक सांभाळावं. स्टेडियमच्या आतला म्हणून जो फोटो फिरत असतो तो बहुधा १९४४मधला असतो, पॅरिस मुक्त झाल्यावर तिथे डांबलेल्या जर्मनधार्जिण्यांचा. खुद्द जुलै १९४२च्या त्या धरपकडीचा माहीत असलेला फोटो एकच आहे: स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या बस. आतलं जे काही आपल्याला माहीत आहे ते वाचलेल्यांच्या साक्षींतून, परिचारिकांच्या पत्रांतून. कादंबरीकाराला इथे कल्पना करावी लागते, आणि त्याचा तो हक्क मी मानते.

पुढचा टप्पा लिहायला सगळ्यात अवघड, म्हणून की काय बरेच लेखक तो चार ओळींत उरकतात. ही कुटुंबं पितिव्हिए आणि बोन-ला-रोलांदला हलवली. मोठ्यांच्या गाड्या ३१ जुलै ते ७ ऑगस्टच्या दरम्यान व्याप्त पोलंडमधल्या ऑशविट्झच्या छावणीकडे सुटल्या, एकेका गाडीत सुमारे हजार माणसं. लहान मुलांना नेण्याची मंजुरी बर्लिनहून अजून यायची होती, म्हणून मुलांना आयांपासून ओढून काढलं. सोळा वर्षांखालची मुलंही न्यावीत असा प्रस्ताव पंतप्रधान पिएर लाव्हाल यांनी मांडला होता. सुरुवातीला जर्मनांनी ती मागितलीही नव्हती. आया गेल्यावर मागे राहिलेली मुलं, काहींना स्वतःचं आडनावही सांगता येत नव्हतं, ऑगस्टच्या मध्यापासून द्राँसीमार्गे ऑशविट्झला पाठवली. यांतली बहुतेक मुलं फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रेंच नागरिक होती. म्हणून ‘परदेशी ज्यूंची धरपकड’ या वर्णनावर कादंबरीने भागवलं तर ती सरकारी भाषाच पुढे चालवते.

काही चुका पुन्हापुन्हा दिसतात. पिवळा तारा फक्त व्याप्त भागात सक्तीचा होता. दक्षिणेतल्या मार्सेय किंवा नीसच्या रस्त्यावर तारा लावलेलं पात्र दिसलं की लेखकाने नकाशा पाहिलेला नाही. हातावर क्रमांक गोंदणं ऑशविट्झच्या छावण्यांतच चालत असे, सगळीकडे नाही. आणि तिथेही, उतरल्या उतरल्या ज्यांना मारायला पाठवलं त्यांना, म्हणजे बहुतेक सगळ्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना, क्रमांक मिळालाच नाही. १९४२च्या जुलैमध्ये पॅरिसची शिंपीण गॅस चेंबरबद्दल बोलत असेल तर तिच्या तोंडी लेखकाचं ज्ञान घातलेलं आहे. गाड्या कुठे जातात हे द्राँसीतल्या मुलांना माहीत नव्हतं. त्यांनी त्या जागेला ‘पिचिपोय’ असं काल्पनिक गावाचं नाव दिलं होतं.

सुटकेच्या कथांबद्दल माझं मत जरा कडक आहे. स्टेडियममधून आणि छावण्यांतून थोडीफार माणसं खरोखर निसटली, त्यांत मुलंही होती. पण बाजारातल्या कादंबऱ्या बघितल्या तर निसटणं हाच नियम वाटावा. फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यू हद्दपार झाले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास परत आले. दुसरीकडे फ्रान्समधले तीनचतुर्थांश ज्यू वाचले, शेजाऱ्यांनी, पाद्र्यांनी, शेतकऱ्यांनी, बनावट कागद करून देणाऱ्या जाळ्यांनी वाचवले, हेही खरं. नेदरलँड्समध्ये प्रमाण जवळजवळ उलटं होतं. कादंबरी कुठल्या देशात घडते यावर तिच्यातलं काय शक्य आणि काय अशक्य हे ठरतं, त्यामुळे एका देशाचं वाचून सगळ्या युरोपाबद्दल मत बनवू नये.

आपल्याकडे होणारा एक गोंधळही सांगते. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते. त्यांची कहाणी मोठीच आहे, पण ती ज्यूंच्या कत्तलीची कहाणी म्हणून सांगू नये.

वाचताना करायचं काय, तर शेवटची लेखकाची टीप आधी वाचा. खरं किती आणि रचलेलं किती हे जो लेखक तिथे स्पष्ट सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवा. नुसतं ‘सत्यघटनेवर आधारित’ एवढ्यावर थांबणाऱ्यावर ठेवू नका. मग पात्राच्या चार गोष्टी कागदावर मांडा: जन्म कुठला, नागरिकत्व कुठलं, पत्ता कुठला, पकडल्याची तारीख कुठली. पॅरिसच्या बाबतीत या चारांवरून पुढची वाट बरीचशी ठरते. सर्ज क्लार्सफेल्ड यांनी १९७८मध्ये हद्दपारांच्या याद्या गाडीगणिक प्रसिद्ध केल्या, आणि पॅरिसच्या शोआ (म्हणजे ज्यूंची कत्तल) स्मारकाच्या भिंतींवर ती नावं कोरलेली आहेत. स्मारकाच्या संकेतस्थळावर आडनाव टाकून शोधताही येतं. कादंबरीतल्या कुटुंबाचं आडनाव तिथे टाकून बघा. पात्र काल्पनिक असलं तरी त्या आडनावाची खरी माणसं बहुधा सापडतात, जन्मगाव, जन्मतारीख आणि गाडीच्या क्रमांकासकट.